साडूभाऊंच्या डिकीतला डबा

साडूभाऊ, तुमच्या गाडीच्या डिकीतला डबा मी उघडला. तुम्हाला जाऊन अकराच दिवस झाले होते. शोभाताईंनी तो फक्त बाहेर काढून ठेवायला सांगितला होता, कारण तेरवीच्या स्वयंपाकासाठी वडनेरहून मोठे गंज, म्हणजे पातेली, आणायची होती आणि डिकीत तुमचा सबवूफर, तो घुमणारा स्पीकर, डब्यासकट मांडी घालून बसलेला. "भाऊजी, तेवढा डबा काढून ठेवजा," एवढंच त्या म्हणाल्या. काढायचा होता, उघडायचा नव्हता. पण तुम्ही मला ओळखता.

आठ स्क्रू होते. एकेक काढताना मी मनाला सांगत होतो की आत ओल धरली का तेवढं पाहतो. साफ खोटं. मला आतली कॉइल, ते तारेचं वेटोळं, पाहायची होती, जळली की नाही ते. अडीच वर्षं मी सांगत आलो की ही जळणार, आणि तुम्ही गेल्यावरसुद्धा मला बरोबर ठरायची हौस होती. असा तुमचा साडू.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. तुम्ही नेहमीच माझं ऐकून घ्यायचे, आताही घ्या. तुम्ही हिंगणघाटला तहसील कचेरीत आवक-जावकचे बाबू, मी आंजीच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. आपल्या बायका, शोभाताई आणि माझी सुनीता, सख्ख्या बहिणी म्हणून आपण साडू, नाहीतर तुमची माझी ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. वडनेरला मामाजींच्या, आपल्या सासऱ्यांच्या घरी थोरले जावई तुम्ही, पण पाण्याचा तांब्या पहिले माझ्या हातात यायचा. मास्तर ना मी. घरात मोबाइल बंद पडला, पंखा गरगरला, कोणाच्या पोटात दुखलं, तरी विचारायचं मलाच. याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं का, हे मी विचारलं नाही. सुचलंच नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी तुम्ही जुनी पांढरी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. मला वाटलं, कागदपत्रांचं काही असेल. तर म्हणाले, "मास्तर, गाडीत सबवूफर बसवाचा हाय. ठोका छातीत लागला पाह्यजे. कानात तं कोणाच्याबी लागते." लहानपणापासून तुम्ही लग्नात नवरदेव सोडून डफड्यावाल्याच्या बाजूला उभे राहणारे, हे शोभाताईंनी सांगितलं होतं मला. तरी मी म्हणालो, "आपलं वय काय, छातीत लागाचं?" तुम्ही हसले. हे वाक्य आता मला फार खुपतं, साडूभाऊ. जीभ हासडून ठेवावीशी वाटते.

शोभाताईंनी बजावलं होतं, सगळं मिळून सहा हजारांत. सबवूफर, त्याचा लाकडी डबा, आवाजाला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि वायर. त्यावर एक रुपया गेला तर गाडीतच झोपायला लावीन म्हणाल्या. म्हणून आपण वर्ध्याला बबलूच्या दुकानात गेलो. बारा इंचाचा सबवूफर स्वस्तात मिळाला, कारण त्याच्या कडेला खरचटलं होतं. तो सतत तीनशे वॅट सोसू शकत होता. आता त्याला जोडीचा अ‍ॅम्प पाहायचा. बबलूनं एक चकचकीत खोकं पुढे केलं, त्यावर तीन हजार वॅट छापलेले. तिथे मी फॉर्मात आलो. म्हणालो, खोक्यावरचा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडाट्यातला पगार. सतत किती देतो ते बारीक अक्षरात कुठे लिहिलंय ते पाहा. तुम्ही चष्मा लावून पाहिलं, आणि खरंच, बारीक अक्षरात दोनशेही नव्हते. तुम्ही माझ्याकडे ज्या आदरानं पाहिलं, त्याच आदरानं पुढचा सगळा घोटाळा झाला.

मग तुम्हाला कोपऱ्यात एक जुना काळा अ‍ॅम्प दिसला, कोणीतरी गाडी विकताना काढून ठेवलेला. बजेटात बसत होता. त्यावर स्पष्ट लिहिलेलं, चार ओमवर दीडशे वॅट, दोन ओमवर तीनशे. ओम म्हणजे अडथळा. समोरच्याचा अडथळा कमी, तर अ‍ॅम्प जास्त ताकद देतो. मी सबवूफरवरचं लेबल वाचलं. चार ओम. झालं. मी दुकानात उभ्याउभ्या निकाल दिला की हा अ‍ॅम्प दीडशेच देणार, सबवूफरला पाहिजे तीनशे, हे जमत नाही. कमी ताकदीचा अ‍ॅम्प घेतला की माणूस आवाज वाढवत जातो, अ‍ॅम्प दम लागून फाटका आवाज काढतो आणि त्या फाटक्या आवाजानं कॉइल जळते. "तीन महिने," मी म्हणालो. "चौथ्या महिन्यात जळका वास येईन."

तुम्ही सबवूफर उलटा करून पाहत होते. म्हणाले, "मास्तर, याच्या मांगं वायर लावाले चार टोकं काऊन हाय हो? दोनच लागते ना?"

मी एक सेकंदही विचार केला नाही. "दोन कामाचे, दोन स्पेअर," म्हणालो. "गाडीले स्टेपनी असते ना, तसं."

बबलूचं डोकं तेव्हा दुसऱ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली होतं, म्हणून मला टोकायला कोणी नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलं, परत त्या चार टोकांकडे बघितलं, आणि म्हणाले, "असं हाय काय." आवक-जावकला एखादं पत्र सहीशिवाय आलं की तुम्ही असंच म्हणत असाल.

मी नऊ हजारांचा अ‍ॅम्प घ्या म्हणून हट्ट धरला. तुम्ही तो काळाच घेतला. बसवायचा खर्च वाचवायला घरीच दोन रविवार खपले. तिसऱ्या रविवारी मी आलो तेव्हा डबा बंद, आठ स्क्रू आवळलेले आणि तुम्ही गाडीत डोळे मिटून बसलेले. काच थरथरत होती. मी डिकी उघडून वास घेतला.

तो वास घ्यायची मला सवयच लागली. वडनेरला तुमची गाडी आली की पोरं मामाजींच्या पाया पडायला धावायची आणि मी डिकीकडे. आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच दिवाळीला मी ओट्यावर बसून साऱ्यांना समजावलं की आपल्या मोठ्या जावयांनी अर्ध्या ताकदीचा अ‍ॅम्प घेतला, म्हणून हे 'अर्धे वॅट'. मामाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून तुमचं नावच पडलं. "अर्धे वॅट आले काय?" "अर्ध्या वॅटले पोळी वाढा." साळ्यांची पोरंसुद्धा म्हणायला लागली. शालिकराम हे तुमचं नाव नंतर फक्त तुमच्या दारावरच्या पाटीवर राहिलं. तुम्हीही हसायचे. तुम्ही हसता म्हणजे तुम्हाला चालतं, असं मी धरून चाललो.

आणि ते भरीत. मामाजींच्या वावरात हिवाळ्यात आपण सगळे जमलो होतो, पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली होती. थोडी घरी न्यायची म्हणून कोणी तरी पिशवी तुमच्या डिकीत ठेवली. मला काय माहीत. जेवण झाल्यावर मी सवयीनं डिकी उघडली, नाक आत घातलं, आणि जळका वास. साडूभाऊ, त्या क्षणाइतका आनंद मला माझ्या बी.एड.च्या निकालालाही झाला नव्हता. मी वावरातल्या वीसेक माणसांना गोळा केलं. विज्ञान हे विज्ञान असते म्हणून छोटंसं भाषण दिलं. तुम्ही शांतपणे पुढे आले, पिशवी उचलली, उघडून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "वांगे व्हय, मास्तर."

दुसरा कोणी असता तर जन्मभर तोंड लपवलं असतं. मी म्हणालो, "आज वांगे, उद्या कॉइल." लोक परत तुमच्यावरच हसले. माझ्यात ही कला आहे.

गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला निघालो तेव्हा मागून खडखड यायला लागली. मी लगेच गाडी थांबवायला लावली, हाच तो फाटका आवाज म्हणून. सुनीता मागच्या सीटवरून म्हणाली, "आता दर्ग्याच्या पायथ्याशी तरी भांडू नका." तुम्ही उतरले, मागे गेले, नंबर प्लेटवर हात ठेवला. खडखड बंद. "प्लेट ढिली हाय, मास्तर." खिशातून कागदाची घडी काढून प्लेटच्या मागे खोचली. वर जाताना मी पूर्ण वाट कमी ताकदीच्या अ‍ॅम्पवर बोलत राहिलो आणि तुम्ही गाडी चालवत राहिले.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही सुटी टाकून मला दवाखान्यातून घरी नेलं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा पाणावलेला. तुम्ही प्रत्येक गतिरोधकाच्या आधी सांगायचे, "आला बरं ब्रेकर, मास्तर," आणि गाडी अशी चढवायचे जशी ताटात पातळ वरण नेतो माणूस. गाणं तुम्ही न सांगता बंद ठेवलं होतं. मीच म्हणालो, लावा, पाहू किती फाटला ते. तुम्ही लावलं. काही दिसत नव्हतं म्हणून असेल, पण त्या दिवशी मी नीट ऐकलं. गोल, मऊ ठोका होता, पाठीतून आत येणारा. बरं वाटलं मला. दोन दिवसांची भीती होती ती उतरली. आणि मी काय म्हणालो? "ऐका, फाटून राह्यला." तुम्ही म्हणाले, "हो, थोडा फाटते." मी धादांत खोटं बोललो होतो आणि तुम्ही होकार दिला.

मग तुम्ही गेले. शोभाताईंना चहा टाकायला सांगितला, छातीत कळ आली आणि चहा गाळून होईपर्यंत गेले. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. काय बोललो मुलांशी ते आठवत नाही. हिंगणघाटला पोचलो तर दारात तुमची गाडी उभी होती आणि मी, साडूभाऊ, सवयीनं डिकीकडे वळलो. दोन पावलं गेलो आणि तिथेच बसलो रस्त्यावर. लोकांना वाटलं, चक्कर आली.

तर अकराव्या दिवशी सकाळी मी ते आठ स्क्रू काढले आणि सबवूफर उचलून उलटा केला. कॉइल नवीकोरी. जळणं सोडा, डागही नाही. आणि मागे ती चार टोकं. तुम्ही एकही मोकळं सोडलेलं नव्हतं. वायरच्या लाल तुकड्यानं लाल टोकं एकमेकांना जोडलेली, काळ्यानं काळी. डब्याच्या आतल्या लाकडावर तुमच्या त्या देखण्या कचेरीच्या अक्षरात निळ्या शाईनं लिहिलेलं होतं: "कॉइल दोन. प्रत्येकी ४. समांतर जोडणीने २. दोनवर अ‍ॅम्प ३००. सबवूफर ३००. जुळते." आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित, "गोपनीय".

मी डिकीत बसलो. बावीस वर्षं दहावीला तोच धडा शिकवतोय मी. दोन रोध शेजारी शेजारी जोडले की वाटा दोन होतात आणि अडथळा निम्मा होतो. चार आणि चारचे दोन. फळ्यावर आकृती डोळे मिटून काढतो. चुकलेल्या पोरांना बाकावर उभं करतो. आणि चार टोकं समोर दिसत असताना मी त्यांना स्टेपनी म्हणालो. तुम्ही माझं ऐकून दोन मोकळी ठेवली असती, तर तो सबवूफर खरंच अर्ध्या वॅटचा झाला असता, आणि तो माझ्या सल्ल्यानं.

आणखी वाईट आठवलं ते नंतर. खरेदीनंतरच्याच आठवड्यात एका बारशाला तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मास्तर, समांतर जोडणीचा हिशेब कसा करते हो?" मी निमंत्रणाच्या कार्डामागे सूत्र लिहून दिलं, वर एक उदाहरण सोडवून दिलं. तुमची मुलगी प्राजक्ता तेव्हा नागपूरला नोकरीवर होती. मग दहावीचं सूत्र कोणासाठी, हा प्रश्न मला पडला नाही. मला कोणी सूत्र विचारलं की दुसरे प्रश्न पडत नाहीत.

शोभाताई पाणी घेऊन आल्या. माझ्या हातात सबवूफर आणि तोंडावर काय होतं ते त्यांनी पाहिलं.

"दिसलं काय तुमाले?" म्हणाल्या.

"ताई, तुमाले ठाऊक होतं?"

"त्यायनं तवाच सांगतलं होतं. मी म्हणलं, सांगून द्या ना भाऊजीले. साऱ्या घराचे हसणे काऊन खाऊन राह्यले? तं म्हणे, नाई. मास्तर पोराईले हाच धडा शिकवते. त्याचा सोतावरचा भरवसा गेला तं फळ्यापुढं उभा कसा राहीन तो."

मी पाणी प्यायलो नाही. त्या तांब्या तिथेच ठेवून गेल्या.

त्याच वेळी मी ठरवलं. तेरवीला सगळं वडनेर येणार, आणि जेवणाआधी दोन शब्द बोलायचे ते मलाच, दरवेळी मीच बोलतो. तिथे साऱ्यांसमोर सांगायचं की अर्धे वॅट हे नाव खोटं होतं. ज्या तोंडानं ते नाव ठेवलं, त्याच तोंडानं उचलायचं. हे मला जमलं नाही तर पुढचे सगळे सणवार तुमच्या नावानं तोच हशा चालू राहणार होता, प्रेमानं का होईना. लोकांच्या आठवणीत तुम्ही चुकीचा अ‍ॅम्प घेणारे म्हणून राहणार होते. गंज आणले. पुरावा म्हणून डबाही मांडवात नेऊन ठेवला, झाकण ढिलं करून, म्हणजे ऐन वेळी उघडून ते अक्षर दाखवता येईल.

काल तेरवी झाली. मी हात धुऊन येईपर्यंत बायकांनी डब्यावर पांढरी चादर टाकून तुमचा फोटो ठेवला होता. उंची बरोबर बसते म्हणाल्या. फुलं वाहिली, उदबत्ती लावली, बाजूला समई. आता त्याखालचा पुरावा कसा काढू?

तरी मी उभा राहिलो. म्हणालो, आपण सगळे शालिकरामजींना जे म्हणत होतो ते नाव मी ठेवलं आणि ते खोटं होतं. त्यांनी घेतलेला अ‍ॅम्प बरोबर होता, जोडणी बरोबर होती, सहा हजारांत याहून चांगली जोडी वर्धा जिल्ह्यात कोणाला जमली नसती. चूक माझी होती. मी चार टोकं पाहिली आणि दोन मोजली. बावीस वर्षं जे शिकवतो तेच मला दिसलं नाही, आणि त्यांना दिसलं, आणि त्यांनी मला कमीपणा येऊ नये म्हणून अडीच वर्षं हसणं सोसलं. मी थांबलो.

मग मामाजी काठी टेकत उठले. माझ्या पाठीवर हात ठेवला, डोळे पुसले आणि साऱ्यांकडे वळून म्हणाले, "पाहा. शिकलेला माणूस असा असते. गेलेल्या माणसाचा कमीपणा आपल्या अंगावर घेऊन राह्यला."

"मामाजी, मी खरं बोलून राह्यलो," मी म्हणालो. "चूक माहीच होती."

"हो बाप्पा, हो," म्हणाले. "नशीबवान होता शालिकराम. असा साडू भेटला."

बायका रडायला लागल्या. कोणी तरी माझ्या पाया पडलं. मी समांतर जोडणी समजावून सांगायला लागलो, तर दोन जणांनी मला धरून खाली बसवलं, म्हणे मास्तर, तुम्हाले त्रास होऊन राह्यला, नका बोलू. पंगतीत वाढणाऱ्यानं माझ्या पानात बुंदीचे दोन लाडू जास्त टाकले. शोभाताई दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी फक्त मान हलवली.

म्हणजे झालं असं की तुम्ही जिवंत असताना मी खोटं बोलून मोठा झालो, आणि तुम्ही गेल्यावर खरं बोलून आणखी मोठा झालो. तुमच्यावरचं ते नाव मला उचलता आलं नाही, साडूभाऊ. मी आता दर सणाला सांगत राहीन आणि ते दर सणाला माझं कौतुक करतील.

माझा तुमच्यावर राग आहे. खरंच आहे. दिवसभर रडतो आणि मधेच राग येतो. माझा मान राखायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? एवढा का मी काचेचा होतो? त्या वावरात, वांग्याची पिशवी हातात होती तेव्हा, नाहीतर गिरडच्या वाटेवर, एकदा तोंडावर म्हणायचं होतं, मास्तर, चुकलं तुमचं. मी भांडलो असतो. रुसलो असतो. सुनीताला म्हणालो असतो की त्या माणसाच्या घरी पाय ठेवणार नाही. दोन महिने फोन केला नसता. पण मग आलो असतो. मी आलो असतो, साडूभाऊ.